दुःखाचा अर्थ दुसऱ्याने सांगायचा नसतो

लहान मूल दगावलेल्या घरात तासाभरात कुणीतरी ते वाक्य बोलतंच. ‘देवाला आवडलं म्हणून त्याने नेलं.’ बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. घरातली शांतता सोसवत नाही, काहीतरी बोलायला हवं असं वाटतं आणि लहानपणापासून ऐकलेलं वाक्य तोंडून निघून जातं. पण ते त्या आईच्या कानांनी ऐकून पाहा. ज्याच्यापुढे ती रात्ररात्र गुडघे टेकून बसली, त्यानेच तिचं बाळ उचललं, आणि तेही आवडलं म्हणून. मूल तर गेलंच होतं. या वाक्याने तिच्याकडून तिचा देवही नेला.

कॅथलिक श्रद्धा असं शिकवत नाही. शलमोनाच्या नावाने ओळखला जाणारा ज्ञानग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात स्वच्छ लिहिलंय की मृत्यू देवाने निर्माण केला नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही. तरीही आपल्या प्रवचनांत, सांत्वनाच्या भेटींत, शोकसंदेशांत ‘देवाची इच्छा’, ‘देव परीक्षा घेतो’, ‘हा तुझा क्रूस आहे’ ही वाक्यं औषधाच्या गोळ्यांसारखी वाटली जातात. माझं म्हणणं असं आहे: ख्रिस्ती श्रद्धेत दुःखाला अर्थ आहे, आणि तो फार खोल आहे. पण ज्याचं दुःख त्यालाच तो सापडतो, त्याच्या गतीने, आणि कधीकधी या जन्मात सापडतही नाही. भोवतालच्यांनी वेदना कमी करायची, रडणं ऐकून घ्यायचं आणि उठून न जाता बसून राहायचं. हे माझ्या पदरचं मत नाही. ख्रिस्तसभेचे, म्हणजे चर्चचे, विधी आणि तिचा कायदा नीट वाचला तर त्यांची रचनाच अशी आहे. आपण ते वाचत नाही, हे दुखणं आहे.

ईयोबाच्या पुस्तकापासून सुरुवात करू. मुलंबाळं, गुरंढोरं, आरोग्य सगळं गेलेल्या ईयोबाला भेटायला एलीफज, बिल्दद आणि सोफर असे तीन मित्र येतात. त्याला पाहून ते मोठ्याने रडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. कुणी एक शब्द बोलत नाही. मित्रांनी पुऱ्या पुस्तकात नीट केलेलं काम ते एवढंच. त्यानंतर ते बोलायला लागतात आणि पुढचे कितीतरी अध्याय समजावत राहतात: काहीतरी चुकलं असेल, देव उगाच शिक्षा करत नाही, नम्र हो म्हणजे सगळं परत मिळेल. त्यांचं बोलणं धार्मिक आहे, सुसंगत आहे. उलट ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. आणि शेवटच्या, ४२व्या अध्यायात देव निकाल देतो तो मित्रांच्या विरोधात: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. वर मित्रांना सांगितलं जातं की ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. समजावणाऱ्यांना तक्रार करणाऱ्याच्या प्रार्थनेची गरज पडली.

येशूनेही ‘पाप तसं दुःख’ हा हिशेब प्रत्येक वेळी मोडून काढला. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या प्रश्नाला त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. बुरूज का पडला हे तो सांगतच नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? उत्तर येतं, दोघांचंही नाही. देवाची कार्यं याच्या ठायी प्रकट व्हावीत. हे दुसरं वाक्यही पुष्कळदा अपंग मुलांच्या आईबापांना ऐकवलं जातं, जणू मूल देवाने प्रदर्शनासाठी अंध ठेवलं. पण त्या अध्यायात पुढची ओळ वाचा. येशू लगेच थुंकीने चिखल कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो, त्याला धुवायला पाठवतो. देवाचं कार्य म्हणजे ते बरं करणं. जो हे वचन म्हणतो त्याने चिखलात हात घालायला तयार असावं.

आणखी एका वचनाचा असाच विपर्यास झाला आहे. ‘देव सोसवेल त्यापेक्षा जास्त दुःख देत नाही’ असं बायबलमध्ये आहे, असं आपण समजतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल बोलतो ते मोहाबद्दल. शक्तीपलीकडचा मोह देव येऊ देणार नाही, सुटकेची वाट ठेवील, असं तिथे आहे. दुःखाविषयी तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आम्ही शक्तीबाहेर इतके दडपले गेलो की जगण्याचीही आशा सोडली. म्हणजे सोसवेल त्यापेक्षा जास्त येतं, हे प्रेषिताने स्वतः लिहून ठेवलंय. कोसळलेल्या माणसाला ‘तू सोसू शकतोस म्हणूनच आलं’ असं म्हटलं की त्याच्या कोसळण्यालाही आपण अपराध ठरवतो.

मग श्रद्धा दुःखिताच्या हातात आधी काय देते? विलाप. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. १३व्या स्तोत्राच्या सुरुवातीला ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. ८८वं स्तोत्र तर आशेची एक ओळही न देता अंधारात संपतं. आणि ख्रिस्तसभेने हे स्तोत्र बाजूला ठेवलेलं नाही. तिच्या दैनिक प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी ते म्हटलं जातं. जगभरचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी, त्या दिवशी सुखात असले तरी, कुण्या अंधारातल्या माणसाचे शब्द आपल्या तोंडी घेतात. क्रुसावर येशूने २२वं स्तोत्र म्हटलं: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्या ‘का’ला आकाशातून उत्तर आलं नाही. लाजार मेल्यावर मार्था येशूला तोंडावर म्हणाली, ‘तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता.’ त्याने तिला दटावलं नाही. थोड्याच वेळात लाजाराला उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला. पुनरुत्थानाची खात्री असलेला माणूस रडत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी या जागी थांबावं.

रुग्णाजवळ स्तोत्र वाचायचं असेल तर हे लक्षात ठेवा. आधी विचारा, वाचू का. एकच निवडा, लहान निवडा. १३वं किंवा १३०वं दोन मिनिटांत होतं. हळू वाचा. शेवटी स्तुतीची ओळ आली की तिच्यावर जोर देऊन ‘बघ, शेवट चांगलाच असतो’ असं म्हणू नका. वाचून झालं की गप्प बसा. पुष्कळदा स्तोत्र संपल्यावर दोन-तीन मिनिटांनी रुग्ण पहिल्यांदा मनातलं बोलतो, आणि आपण मधेच बोललो तर ते परत आत जातं.

आता ज्या गोष्टीवरून कॅथलिक श्रद्धेवर सगळ्यांत जास्त आक्षेप घेतला जातो, तिच्याकडे येतो. आपलं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाबरोबर अर्पण करणं. तिचा आधार कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली २४वी ओवी. पौल म्हणतो, ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं आहे ते मी त्याच्या शरीरासाठी, म्हणजे ख्रिस्तसभेसाठी, आपल्या देहात भरून काढतो. क्रुसावरच्या तारणात काही कमी पडलं असा याचा अर्थ नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रेषितीय पत्र काढलं, ते याच ओवीने सुरू होतं. तीन वर्षांपूर्वी, १३ मे १९८१ ला, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्यांचं विवेचन थोडक्यात असं की तारण पूर्ण आहे, पण ते बंद पेटी नाही. प्रत्येक माणसाच्या दुःखाला ख्रिस्ताने आपल्या दुःखात जागा मोकळी ठेवली आहे. अंथरुणाला खिळलेल्या, कुणाच्या काही उपयोगाचे उरलो नाही असं वाटणाऱ्या माणसासाठी ही शिकवण म्हणजे खरोखर श्वास आहे. तुझं पडून राहणंही वाया जात नाही, तुझ्या या रात्रीतून दुसऱ्या कुणाला बळ मिळू शकतं.

पण त्या ओवीचं व्याकरण बघा. ‘आपल्या देहात’ असं पौल म्हणतो. तो तुरुंगात आहे, पत्राच्या शेवटी आपल्या बेड्यांची आठवण ठेवायला सांगतो. दुसऱ्याच्या देहातल्या वेदनेबद्दल असं म्हणायचा अधिकार तो घेत नाही. अर्पण हे क्रियापद प्रथमपुरुषातच चालतं. ‘मी हे अर्पण करतो’ ही प्रार्थना. ‘तू हे अर्पण कर’ हा बहुतेक वेळा बोलणाऱ्याने स्वतःची सुटका करून घेण्याचा मार्ग.

दुसरी गोष्ट, वेदनेने तारण होत नाही, प्रेमाने होतं. कालवरीवर तीन क्रूस होते आणि खिळे तिघांनाही सारखेच. संत ऑगस्टीन यांनी म्हटलंय की शिक्षेमुळे कुणी हुतात्मा होत नाही, कारणामुळे होतो. म्हणून वेदना वाढवून घेण्यात, औषध टाळण्यात, दुखणं लपवण्यात पुण्य नाही. अर्पण करण्याची जुनी रीत साधी आहे. १८४४ मध्ये फ्रान्समध्ये जेझुइट या धर्मसंघाच्या विद्यार्थ्यांमध्ये सुरू झालेल्या प्रार्थना-प्रेषितकार्यातून ती जगभर गेली: सकाळी उठल्यावर त्या दिवसाचं काम, आनंद, दुःख एका छोट्या प्रार्थनेत देवाला देऊन टाकायचं, एखाद्या विशिष्ट हेतूसाठी. सकाळी करण्यामागे शहाणपण आहे. दुपारी कळ मस्तकात गेली की कुणालाच प्रार्थना सुचत नाही. सकाळचं वाक्य त्या वेळेलाही धरून असतं. हेतू ठोस असावा, एक नाव, एक माणूस. गोळी वेळेवर घ्यावी. जमलं नाही त्या दिवशी सोडून द्यावं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. अर्पणाचा सौदा होतो, ‘मी एवढं सोसलं, आता मुलाला नोकरी दे.’ किंवा चढाओढ होते, कोण जास्त सोसतं याची. किंवा रुग्ण डॉक्टरांपासून लक्षणं लपवतो, कारण तक्रार केली तर अर्पण बाद होईल असं त्याला वाटतं. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आशेवरील परिपत्रकात मान्य केलं की या भक्तीत अतिरेक झाले, कदाचित तिचा अनारोग्यकारक वापरही झाला. आणि तरीही छोट्या-छोट्या त्रासांना अर्थ देणारं काहीतरी मौल्यवान तिच्यात होतं, ते आपण गमावलं का, असा प्रश्न त्यांनी ठेवला. त्याच पत्रात ते आधी सांगतात की दुःख कमी करण्यासाठी जे शक्य ते सगळं करायलाच हवं. क्रम असा आहे.

वेदनाशामक औषधांबाबत तर इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही घरोघरी गोंधळ दिसतो. मॉर्फिन घेणं म्हणजे श्रद्धा कमी, असं समजणारी कुटुंबं आहेत. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितलं की वेदना शमवण्यासाठी गुंगीची औषधं देणं योग्य आहे, त्यामुळे आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरीही, मृत्यू घडवणं हा हेतू नसेल तर. गंभीर कारणाशिवाय रुग्णाची शुद्ध हिरावू नये, एवढी अट. कारण त्याला देवाशी आणि घरच्यांशी काही बोलायचं असेल. कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचा, २२७९वा परिच्छेद हेच सांगतो आणि उपशामक सेवेला, म्हणजे बरं न होणाऱ्याची वेदना हलकी करण्याच्या सेवेला, निःस्वार्थ प्रेमाचं रूप म्हणतो. ५ मे १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रात एक वाक्य आहे जे प्रत्येक रुग्णसेवकाने पाठ करावं असं मला वाटतं. आशय असा: काही ख्रिस्ती लोक वेदनेचा काही भाग स्वेच्छेने स्वीकारण्यासाठी औषध कमी घेतील, पण हे वीरत्व सर्वांवर नियम म्हणून लादणं शहाणपणाचं नाही.

येशूने क्रुसापूर्वी गुंगी आणणारा द्राक्षारस नाकारला, हे उदाहरण काही जण देतात. नाकारला खरा. पण योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी तो म्हणतो, ‘मला तहान लागली आहे’, आणि स्पंजातून दिलेली आंब तो घेतो. मरणाऱ्याने मागितलेलं पाणी त्याच्या ओठांना लावणं ही क्रुसाजवळची गोष्ट आहे.

आधुनिक उपशामक सेवेच्या इतिहासातही हा धागा आहे. आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनींनी १८७९ मध्ये डब्लिनला आणि १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात मरणासन्नांसाठी घरं उघडली. हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये १९५८ पासून डॉ. सिसली साँडर्स यांनी काम केलं. त्या स्वतः अँग्लिकन. कळ असह्य होऊन रुग्ण याचना करील तेव्हा मॉर्फिन देण्याऐवजी घड्याळ लावून ठरल्या वेळी देण्याची पद्धत त्यांनी तिथे बसवली. वेदना पुन्हा उसळण्याआधीच पुढची मात्रा पोटात गेली की एकूण औषध आटोक्यात राहतं आणि माणूस शुद्धीवर, बोलता राहतो. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची अशी चारपदरी असते, ही त्यांची मांडणी आज सगळीकडे शिकवली जाते. कळ थांबल्यावरच माणूस प्रार्थना करू शकतो, माफी मागू शकतो, निरोप घेऊ शकतो. औषध अर्थाच्या आड येत नाही, ते अर्थासाठी जागा करतं.

आता संस्काराकडे. रुग्णाभ्यंगाला, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्काराला, आजही पुष्कळ घरांत ‘शेवटचं तेल’ समजतात आणि म्हणून धर्मगुरूंना बोलावणं लांबवतात. आजारी माणूस घाबरेल, आपण आशा सोडली असं त्याला वाटेल, ही भीती. परिणाम असा की फादर येतात तेव्हा रुग्ण बेशुद्ध असतो, आणि ज्या संस्कारात त्याने सहभागी व्हायचं तो त्याच्या शरीरावर केवळ उरकला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितलं की हा केवळ मृत्यूच्या उंबरठ्यावरच्यांचा संस्कार नाही. पोप सहावे पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ च्या आज्ञापत्राने विधी नव्याने घालून दिला. आजार गंभीर झाला की, गंभीर आजारामुळे मोठी शस्त्रक्रिया होण्याआधी, म्हातारपणाने शरीर फार खचलं की, अगदी विशिष्ट रोग नसला तरी, तो घेता येतो. बरं होऊन पुन्हा आजार आला किंवा त्याच आजाराने जोर धरला तर परत घेता येतो. समजू शकणाऱ्या आजारी मुलालाही देता येतो. रुग्ण जिवंत आहे की नाही याविषयी शंका असेल तर द्यावाच, असं कॅनन कायद्याचं, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेचं, १००५वं कलम सांगतं. खरा ‘शेवटचा’ संस्कार वेगळाच आहे: वाटेची शिदोरी म्हणून दिलेला ख्रिस्तप्रसाद (ख्रिस्ताचं शरीर म्हणून घेतली जाणारी पवित्र भाकर), व्हियाटिकम.

विधी जवळून पाहिला तर वर मांडलेलं सगळं त्यात दिसतं. धर्मगुरू खाटेजवळ येतात. रुग्णाला पापनिवेदन करायचं असेल तर घरचे बाहेर जातात. मग शुभवर्तमानातला छोटा उतारा, लहानशी विनवणी. आणि मग धर्मगुरू रुग्णाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात, काही न बोलता. या क्षणी विधिग्रंथाने एकही शब्द दिलेला नाही. त्यानंतर छोट्या डबीतलं, कापसात मुरवलेलं तेल, बहुधा पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेलं, अंगठ्याने कपाळावर आणि मग दोन्ही हातांवर लावतात. तेल ऑलिव्हचं, किंवा इतर वनस्पतीचं चालतं. सोबतच्या प्रार्थनेत प्रभूने आपल्या प्रेमाने आणि दयेने तुला साह्य करावं, पापातून मुक्त करून तुला तारावं, उठवावं एवढंच मागणं आहे. ‘तुला हे दुःख अमुक कारणासाठी दिलं’ असं विधीत कुठेही म्हटलेलं नाही. स्पर्श आहे, तेल आहे, मौन आहे.

घरच्यांनी काय तयारी करायची? खाटेजवळ स्वच्छ कापड घातलेलं छोटं टेबल, क्रूस, मेणबत्ती. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही. ख्रिस्तप्रसाद गिळता येतो का ते आधी सांगायचं, अगदी बारीक तुकडाही चालतो, आणि पाणी जवळ ठेवायचं. रुग्णाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासाचं बंधन नाही. ९१९वं कलम तसं म्हणतं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली म्हणून शुश्रूषा करणाऱ्या लेकीसुनांनी अपराधी वाटून घेऊ नये. आजार आणि संगोपन ही कॅटेकिझमने मान्य केलेली कारणं आहेत.

‘क्रूस’ या शब्दाचा सगळ्यांत वाईट वापर होतो तो मार खाणाऱ्या बायकांच्या बाबतीत. नवरा मारतो, आणि तिला सांगितलं जातं, हा तुझा क्रूस, उचल. याविषयी मी हातचं राखून लिहिणार नाही: हे पाप आहे, आणि सांगणाराही त्याचा वाटेकरी आहे. ख्रिस्ताने आपला क्रूस स्वतः उचलला, आणि ज्यांनी तो लादला त्यांच्या कृत्याला कुठलंही शुभवर्तमान पवित्र म्हणत नाही. जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं होण्याचं रास्त कारण आहे, असं कॅनन कायद्याचं ११५३वं कलम म्हणतं. थांबण्यात धोका असेल तर परवानगीची वाट न पाहता स्वतः निघून जायची मुभाही देतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबावरील पत्रात, २४१व्या परिच्छेदात, हिंसेपासून दुबळ्या जोडीदाराला आणि मुलांना वाचवण्यासाठी वेगळं होणं कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही असतं असं म्हटलं. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना ‘क्षमा कर आणि अर्पण कर’ सांगून गप्प बसवण्याने ख्रिस्तसभेने स्वतःच्या लेकरांना किती जखमी केलं, हे आता जगासमोर आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आदेशाने धर्मगुरू आणि संन्यस्त व्यक्तींना असा प्रकार कळल्यास वरिष्ठांना कळवणं बंधनकारक केलं. जे दुःख थांबवता येतं ते आधी थांबवायचं. अर्थाचा प्रश्न त्यानंतर येतो.

मनाच्या आजाराबाबतही असंच. प्रार्थनेत देव जवळ जाणवेनासा होतो त्या काळाला क्रुसाचे संत योहान यांनी ‘आत्म्याची अंधारी रात्र’ म्हटलं, ते शब्द आता कुठल्याही उदासीला चिकटवले जातात. पण त्यांनी स्वतःच सावध केलंय की प्रार्थनेतला कोरडेपणा उदासरोगातूनही येऊ शकतो, आणि म्हणून ओळखीच्या खुणा दिल्या. झोप उडाली, भूक गेली, आठवडेच्या आठवडे अंघोळ करणंही जड झालं, जगू नये असं वाटू लागलं तर आध्यात्मिक मार्गदर्शक नंतर, डॉक्टर आधी, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. लिस्यूच्या संत तेरेसा, वयाच्या २४व्या वर्षी ३० सप्टेंबर १८९७ ला क्षयाने गेल्या. शेवटच्या महिन्यांत श्रद्धेचा प्रकाश दिसत नव्हता आणि वेदना भयंकर होत्या. त्यांनी आपल्या बहिणीला बजावलं की असे रुग्ण असतील तेव्हा विषारी औषधं त्यांच्या हाताशी ठेवू नका, भान सुटायला क्षण पुरतो. ज्यांना १९९७ मध्ये ख्रिस्तसभेने आपल्या आचार्यांमध्ये, म्हणजे शिकवणीचे गुरू मानलेल्या संतांमध्ये, बसवलं त्या संत स्त्रीचं हे बोलणं आहे. वेदनेत टोकाचे विचार येणं म्हणजे श्रद्धा नसणं, असं यापुढे कुणी म्हणू नये.

कुणी आत्महत्या केलीच, तर १९१७ च्या कॅनन कायद्यात जाणूनबुजून जीव दिलेल्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या कायद्यातून ती तरतूद गेली. मानसिक आजार, तीव्र भय किंवा यातना जबाबदारी कमी करतात, अशांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असं कॅटेकिझम २२८२ आणि २२८३ या परिच्छेदांत सांगतो. त्या घरी जाताना एवढं तरी वाचून जा.

बाप्तिस्म्याआधी किंवा पोटातच गेलेल्या बाळांच्या आईबापांना अजूनही लोक कुजबुजत सांगतात की त्याचा विधी होत नाही. होतो. आईबापांचा बाप्तिस्म्याचा मनोदय असेल तर बिशपांच्या परवानगीने अंत्यविधी करता येतो, कलम ११८३. मिस्साग्रंथात अशा बाळासाठी वेगळी मिस्सासुद्धा आहे, तिच्या प्रार्थना आईबापांच्या दुःखासाठी लिहिलेल्या आहेत. धर्मगुरूंना तशी नेमकी विचारणा करा.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी घर रिकामं होतं. खरी वेळ तेव्हा सुरू होते. जुन्या मिस्साग्रंथात तिसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवसासाठी आणि वर्षदिनासाठी प्रार्थना असत. शोक महिन्या-वर्षांच्या हिशेबाने चालतो हे त्यांना ठाऊक होतं. संत थॉमस अक्वायनस यांनी तर आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात दुःखावरचे उपाय विचारात घेतले, आणि ते पाच आहेत: एखादी सुखाची गोष्ट, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचं चिंतन, आणि झोप व अंघोळ. तेराव्या शतकातला एवढा मोठा तत्त्वज्ञ झोप आणि अंघोळ या उपायाला स्वतंत्र विभाग देतो, याचं मला अतोनात कौतुक वाटतं. अश्रूंबद्दल ते म्हणतात, आत कोंडलेली इजा जास्त दुखते. आणि मित्रांबद्दल, ते भार उचलतात असं वाटतं म्हणून तो हलका होतो, पण त्याहून जास्त, आपण प्रिय आहोत हे कळतं म्हणून. मित्र काय बोलतात याला त्यांनी महत्त्वच दिलेलं नाही. संत इग्नेशियस यांचा नियमही इथे कामाचा: मन उजाड झालं असताना आधीचे निर्णय बदलू नका. घर विकणं, व्रत मोडणं, नातं तोडणं, हे सगळं थांबू द्या.

कुणी म्हणेल, माझ्या आजीने ‘देवाची इच्छा’ म्हणतच आयुष्य काढलं, तिला बळ मिळालं, ते खोटं होतं का? नव्हतं. ते तिने स्वतः म्हटलं होतं, पुष्कळ रडून झाल्यावर, पुष्कळ वर्षांनी. क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमानेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे येशू म्हणाला, पण त्याआधी ‘हा प्याला टळू दे’ म्हणाला, आणि ते दोन्ही त्याने एकाच मागण्यात तीनदा म्हटलं. दुःखिताने ते वाक्य स्वतः उच्चारलं तर मान खाली घालून ऐका. त्याच्या आधी आपण उच्चारू नका.

आणि दुसरा आक्षेप, की मग श्रद्धा उत्तर देतच नाही, नुसती सोबत करते. देते, पण तिचं उत्तर म्हणजे एक माणूस आहे, ज्याच्या पुनरुत्थित देहावरही खिळ्यांच्या खुणा राहिल्या आणि ज्याने थॉमस या शिष्याला त्या दाखवल्या. त्या पुसल्या गेल्या नाहीत. आणि त्या उत्तरापर्यंत पोचायला मधे एक पूर्ण दिवस लागला.

तो दिवस ख्रिस्तसभा दर वर्षी पाळते. पवित्र शनिवारी, म्हणजे क्रुसावरचा मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या दिवशी, वेदी उघडी असते, प्रसादपेटी रिकामी, रात्रीच्या जागरणापर्यंत मिस्सा नाही. त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद कुणालाच दिला जात नाही. फक्त मरणाच्या दारात असलेल्याला, व्हियाटिकम म्हणून, तेवढा नेला जातो.